मृदुमुख श्वान आणि हिंसेचा कर्ता

हिंसेचा विचार करू लागले म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो कर्त्याचा. पातंजल योगसूत्रांत हिंसादी दोषांचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भेद सांगितले आहेत. एक मारतो, दुसरा मारवितो, तिसरा बरे झाले म्हणतो. तिघांचाही दोष शास्त्राने मानला आहे आणि त्याविषयी फारसा वाद नाही. वाद उत्पन्न होतो तो निराळ्याच ठिकाणी. मारण्याच्या व्यापारात असा एखादा जीव गुंतविला जातो की ज्यास या तिहींपैकी कशाचेच ज्ञान नाही, जो केवळ धन्याच्या प्रीतीसाठी झटतो आणि ज्याच्याकडून प्रत्यक्ष एक ओरखडाही निघत नाही. त्याच्या वाट्यास काय येते, आणि त्यास त्या व्यापारात घालणाऱ्याच्या वाट्यास काय येते?

या प्रश्नाचे एक जिवंत उदाहरण इंग्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिका या देशांत घरोघर पाहावयास मिळते. तेथे रिट्रीव्हर नावाची श्वानांची एक जात आहे. बंदुकीने पाडलेला पक्षी पाण्यातून किंवा झुडपांतून शोधून आणून धन्याच्या हाती देणे, एवढ्याच कामासाठी ती माणसाने घडविली. स्कॉटलंडमधील गिसाकन येथे डडली मार्जोरीबँक्स (पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ) यांनी १८६८ साली एक पिवळा रिट्रीव्हर आणि एक पाणश्वान जातीची मादी यांचा संयोग घडवून आजच्या गोल्डन रिट्रीव्हरचे मूळ घातले. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांजवळ होते. इंग्लंडमधील केनेल क्लबने ती जात १९०३ मध्ये स्वतंत्र म्हणून मान्य केली. हीच जात आज पुण्यामुंबईच्या सदनिकांतही दिसते. ती ज्यांच्या घरी आहे त्यांपैकी कित्येकांना तिचा जन्म कशासाठी झाला याची वार्ताही नसेल.

लांडगा शोधतो, दबकतो, धावतो, पकडतो, चावतो आणि मारतो. माणसाने पिढ्यानुपिढ्या निवड करीत या साखळीतील पकडण्याची कडी बळकट केली आणि चावण्यामारण्याच्या कड्या निजवून टाकल्या. तोंडात धरलेल्या पक्ष्याच्या बरगड्या न मोडता त्यास आणणाऱ्या श्वानास 'मृदुमुख' म्हणतात. इंग्लंडच्या क्षेत्रपरीक्षांत परीक्षक आणलेला पक्षी हातात घेऊन त्याच्या बरगड्या बोटांनी चाचपून पाहतो, आणि श्वानाच्या दातांनी त्या चेपलेल्या आढळल्या तर तो श्वान परीक्षेतून बाद होतो. मृत पक्ष्याच्या बरगड्यांविषयी एवढी काळजी! परंतु ही दया नव्हे. मांस खराब होऊ नये ही दृष्टी.

शिक्षणाचा आरंभ मात्र अत्यंत निरागस असतो. सात-आठ आठवड्यांचे पिल्लू घरी येते. घराच्या अरुंद वाटेत दोन्ही बाजूंची दारे लावून एखादा गुंडाळलेला पायमोजा दोन हातांवर टाकतात. पिल्लू धावते, उचलते, आणि दुसरीकडे जावयास वाटच नसल्यामुळे फेकणाऱ्याकडेच परत येते. तोंडातील वस्तू हिसकावून घ्यावयाची नाही; प्रथम पाठ थोपटावयाची, मग हळूच घ्यावयाची. ओढाओढीचा खेळ वर्ज्य, कारण त्याने जबडा घट्ट धरण्याची सवय लागते. दोन-तीन वेळा झाले की, पिल्लास आणखी हवेसे वाटत असतानाच, खेळ थांबवावयाचा. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडू लागले की काही दिवस हे सर्व बंद ठेवतात, न जाणो उचलण्याशी वेदनेचे नाते जडेल. बहुधा हा मोजा घरातील मुलेच फेकतात. रात्री ते पिल्लू त्यांच्याच पायाशी निजते.

पुढे मोज्याच्या जागी कापडाची भरीव गुंडाळी येते. मग त्या गुंडाळीस बदकाचे किंवा कबुतराचे पंख बांधतात. मग मेलेला, थंड झालेला पक्षी. काही ठिकाणी पंख जखडलेले जिवंत कबूतरही वापरतात. बंदुकीचा आवाज प्रथम फार दूरवरून ऐकवावयाचा, तोही पिल्लू आवडत्या वस्तूमागे धावत असताना, म्हणजे आवाज आणि आनंद यांची गाठ पडते. येथे उतावीळपणा झाला तर श्वान आयुष्यभर बंदुकीस भितो. मग स्थैर्याचा पाठ येतो. पक्षी डोळ्यांसमोर पडला तरी नाव घेतल्याशिवाय जागचे हलावयाचे नाही. शिट्टीच्या एका लांब फुंकीसरशी धावता धावता थांबून बसावयाचे, आणि दूर उभ्या धन्याच्या हाताच्या खुणेने डावीकडे, उजवीकडे किंवा पुढे जावयाचे. अमेरिकेत पुष्कळ शिक्षक याच्या जोडीस सक्तीची रीत वापरतात. कान चिमटीत दाबावयाचा आणि श्वानाने वस्तू तोंडात धरताच सोडावयाचा. विजेचा झटका देणारा पट्टाही तेथे चालतो. वेल्समध्ये तो २०१० पासून कायद्याने बंद आहे. प्रीतीने शिकविता येते असे जे शिक्षक स्वतःच सांगतात, त्यांनी कान का दाबावा हे कळत नाही.

आता विचार असा. रिट्रीव्हरचा संयम पाहून साधकानेही लाजावे. विषय समोर आहे, इंद्रिये त्याकडे धावत आहेत, देह थरथरतो आहे, आणि तरीही आज्ञेवाचून पाऊल उचलत नाही. विषय मुखात आला तरी त्याचा भोग घेत नाही. जसा आला तसा अर्पण करतो. शब्दांपुरते पाहिले तर हे वैराग्याचे वर्णन वाटेल. तथापि संयम हे अंग आहे, अंगी नव्हे. ज्या हेतूच्या सेवेस तो लागतो त्या हेतूचा रंग त्यास चढतो. चोराचीही श्वासावर सत्ता असते. श्वानाच्या बाबतीत तर हेतू श्वानाचा नव्हेच, दुसऱ्याचा आहे; म्हणून त्याच्या मृदुत्वास अहिंसा म्हणता येत नाही आणि त्याच्या आज्ञापालनास हिंसाही म्हणता येत नाही. त्याचे शील जणू उसने घेतलेले आहे, आणि ते कशासाठी वापरले जाते हे त्यास कोणी सांगितले नाही; सांगता येण्यासारखेही नाही.

येथे शिकारी पूर्वपक्ष मांडतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, छर्रे लागलेला प्रत्येक पक्षी जागीच मरत नाही. पंख मोडलेले बदक वेतांत शिरते आणि तेथे तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस, तडफडत राहते. माणसाच्या डोळ्यास ते सापडत नाही, श्वानाच्या नाकास सापडते. म्हणजे श्वानामुळे दुःख घटते. अमेरिकेच्या संघीय नियमांतही पाडलेला स्थलांतरी पक्षी शोधण्याचा योग्य तो प्रयत्न शिकाऱ्याने केला पाहिजे असे बंधन आहे. हे सर्व खरे आहे, आणि गोळी झाडली गेली असे एकदा गृहीत धरले तर श्वान असणे नसण्यापेक्षा बरे हेही मान्य केले पाहिजे. परंतु ते गृहीतच तर विचाराचा विषय आहे. शिवाय जो पिल्लास वर्ष-दीड वर्ष शिकवितो तो गोळी झाडली जाणार हे आधीच ठरवून बसलेला असतो; त्याच्या मुखी 'झाडली गेली तर' हा शब्द शोभत नाही.

त्यांचा दुसरा आक्षेप, बाजारातून मांस विकत घेणारा काय निराळा, हा मांस खाणाऱ्याने ऐकून निरुत्तर व्हावे असाच आहे. तेवढ्याने शिकाऱ्याचे उत्तर मात्र होत नाही.

मग हिंसा नेमकी कोणत्या क्षणी प्रवेश करते? पुण्यातील घरी मुलगा मोजा फेकतो आणि मिसिसिपीच्या काठच्या घरीही मुलगा मोजा फेकतो. पिल्लू तेच, धावणे तेच, पाठ थोपटणारा हातही तसाच कोवळा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे दार जवळजवळ पूर्ण बंद झाले असल्यामुळे पुण्यातील मोजा मोजाच राहतो, किंवा फार तर चेंडू होतो. कोणी म्हणेल, गुंडाळीस पंख बांधले तेथे हिंसा शिरली. हे दिसावयास सोपे आहे, पण बरोबर नाही. पंख बांधणाऱ्याने ते पहिल्या दिवशीच मनात बांधले होते. संकल्प मोज्याच्या आधीचा आहे. म्हणून दोन घरांतील एकच क्रिया दोन क्रिया आहेत, आणि मिसिसिपीकाठचा तो मुलगा, ज्यास संकल्प ठाऊक नाही, श्वानाप्रमाणेच दुसऱ्याच्या हेतूसाठी धावतो आहे. बापाने दोघांचीही निरागसता कामी लावली. एखाद्या बापास हे कळतही नसेल, कारण त्याच्या बापानेही त्याच्या हाती असाच मोजा दिला होता. पण मुलगा मोठा होतो, श्वान मोठा होऊनही श्वानच राहतो. मुलास पुढे एक दिवस विचारता येते. तेथून त्याचा वाटा सुरू होतो.

लीळाचरित्रातील ससिकरक्षणाची लीळा या ठिकाणी आठवावी. पारध्यांनी पैजेने पाठीस लागून दमविलेला ससा सर्वज्ञांच्या जानूतळी येऊन राहिला. पारधी मागोमाग आले आणि ससा मागू लागले. सर्वज्ञांनी निरूपण केले ते त्या पारध्यांस. सशाचा अपराध काय, हा प्रश्न माणसांस विचारला गेला, कारण उत्तर देणे आणि त्या उत्तराने पालटणे हे माणसासच शक्य होते. ते पालटलेही. या लीळेचा विचार करताना सशाच्या शरणागतीवरच बहुधा भर दिला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रश्न कोणास विचारला गेला हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

रिट्रीव्हरच्या मुखातील बदक पुष्कळ वेळा जिवंत असते. मोडलेला पंख लोंबतो, मान हलते, आणि श्वान ते अंड्यासारखे जपून पाण्यातून पोहत आणतो. ससा जानूतळी होता तेव्हाही त्यास कोणी दुखवीत नव्हते, आणि या बदकासही या घटकेस कोणी दुखवीत नाही. किनाऱ्यावर येऊन श्वान धन्यासमोर बसतो, मान वर करतो आणि हात पुढे येताच जबडा सैल सोडतो. त्याचे काम संपले. तो पुन्हा पाण्याकडे तोंड करून बसतो. पक्षी आता त्या हातात असतो, आणि त्याची मान मुरगाळावयाची की नाही हे त्या हाताने ठरवावयाचे असते.