मन कुठे राहतं?



आज ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय, अकराव्या श्लोकावरच्या ओव्या. योग्यानं कुठे बसावं, एवढंच गीतेत विचारात घेतलंय आणि तेही दोन शब्दांत उरकलंय: जागा स्वच्छ असावी. माउली मात्र इथे रमतात. पुढे कितीतरी ओव्या ते नुसतं त्या जागेचं वर्णन करतात. मुळापासून गोड अशी सदा फळणारी दाट झाडं, पावलापावलावर पाणी आणि तेही पावसाळ्यातसुद्धा नितळ. ऊन सौम्य, वारा मंद. आवाज जवळपास नाहीच. पाण्याकाठी हंस, दोनचार सारस, कधीतरी एखादी कोकिळा. आणि मोरांबद्दल तर फार गोड बोलतात. मोर कायम नसावेत, पण येऊनजाऊन असले तर आमची काही ना नाही, म्हणे!

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला थेट ट्रॅव्हल रील आठवली होती. हसू नका. तुमच्यापैकी निम्म्यांच्या सेव्ह केलेल्या यादीत आत्ता या क्षणी पांढऱ्या घरांचं, निळ्या घुमटांचं ते ग्रीक बेट असणार. माझ्या यादीत होतं. गेल्या वर्षी आम्ही तिघी मैत्रिणींनी सांतोरिनीचं मनावर घेतलं होतं. पाच दिवस फक्त समुद्राकडे बघत बसायचं, असं ठरलं. विमान, व्हिसा, हॉटेल यांची बेरीज केली आणि बेट आपोआप बुडालं.

माउलींनी त्या जागेची एक अट सांगितलीय, ती मला नंतर कळली. तिथे साधकांची वस्ती असावी, पण माणसांच्या पायरवानं ती मळलेली नसावी. सांतोरिनीत नेमकं तेच झालंय. सूर्यास्त बघायला इया गावातल्या गल्ल्यांत इतकी गर्दी लोटते की 2025 च्या जुलैपासून ग्रीस सरकार ऐन हंगामात क्रूझनं तिथे उतरणाऱ्यांकडून माणशी 20 युरो घेतं. शांतता शोधणाऱ्यांच्याच पायांनी शांतता तुडवली गेली. आम्ही गेलो असतो तर त्यात आणखी सहा पाय.

मग आम्ही जवळचं बेट शोधलं: गोव्यातलं दिवाडी. मांडवीच्या मधोमध. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट निघते, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, काही मिनिटांत पलीकडे. समुद्रकिनारा नाही, त्यामुळे झुंबडही नाही. भातखाचरं, बगळे, जुनी कौलारू घरं, टेकडीवर चर्च. अगदी ओवीतली जागा, असं मी फोनवर बाबांना सांगितलं.

आता जरा खरं सांगते. ती चार दिवसांची सुट्टी मी सावनेरसाठी मागितली होती. बाबांना लकवा मारून गेला त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. जन्मभर कोळशाच्या खाणीत पाळ्या केलेला माणूस, दर चतुर्थीला आदाशाच्या गणपतीला पायी जाणारा, टेकडी चढताना आम्हाला मागे टाकणारा. तो ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर दिवसभर बसलेला. मला ते बघवत नव्हतं. एकदा जाऊन आले होते, दोन दिवसांत कामाचं निमित्त सांगून पुण्याला पळाले होते. म्हणून सुट्टी मिळाल्यावर मी बेट निवडलं. कारण काय सांगितलं, तर मन शांत करायचंय. चिंतनाचा ब्लॉग लिहिणाऱ्या मुलीला असली कारणं पटकन सुचतात.

बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "जा ना बेटा. पण दिवाडीले जाऊन राहिली तर तिथल्या देवाले भेटून ये. तो आता पलीकडे असते."

हा पलीकडचा देव म्हणजे सप्तकोटीश्वर. गोव्याच्या कदंब राजांचं हे दैवत. आपण याच्या वरप्रसादानं राजे आहोत, असं ते आपल्या नाण्यांवरसुद्धा कोरत. त्याचं देऊळ दिवाडी बेटावर नार्व्याला होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं. भक्तांनी लिंग वाचवून नदीपलीकडे डिचोली भागात नेलं आणि तिथल्या वस्तीलाही नार्वे हेच नाव राहिलं. पुढे 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ नव्यानं बांधायला घेतलं. तसा शिलालेख तिथे आहे. अलीकडे 2023 मध्ये त्या देवळाचं जतनाचं काम पूर्ण होऊन ते पुन्हा खुलं झालं.

दिवाडीवर आता देऊळ नाही, जुनं कोटीतीर्थ तळं आहे. मी सकाळी एकटीच गेले. पायऱ्यांवर बसले. पाणी होतं, सावली होती, माणूस नव्हतं. हंस नव्हता, पण खंड्या होता. म्हटलं, आता चित्त स्थिर होणारच. सातव्या मिनिटाला फोटो काढला. अकराव्या मिनिटाला ऑफिसचा मेसेज बघितला. नंतर बाबांची खुर्ची डोळ्यापुढे आली ती हलेचना. मी उठले. एवढी सुंदर जागा, आणि मला अर्धा तास बसता येईना! राग कोणाचा करायचा, तळ्याचा?

दुपारी फेरीनं पलीकडे नार्व्याला गेले. देऊळ तसं लहानखुरं आहे. पुढे दीपस्तंभ, भोवती झाडी. आत ते धारालिंग, पैलू पाडलेलं. त्याच्यासमोर उभं राहिल्यावर माझ्या मनात आलं ते भक्तीचं नव्हतं, साधंच होतं: याला उचलून आणणाऱ्यांनी जागा बघितली असेल का? झाडं कशी, वारा कसा? त्यांच्या हातात होतं ते एवढंच की नदी ओलांडायची आणि जिथे पूजा चालू ठेवता येईल तिथे याला बसवायचं. कदंबांचं राजदैवत, आणि वर्षानुवर्षं साध्या निवाऱ्यात राहिलं असेल. देवाची काही तक्रार नसावी. (असली तरी माझ्यासारखी ब्लॉगवर मांडली नाही त्यानं.)

तिथे मी फोटो काढला नाही. त्यात काही थोरपण नाही, बॅटरी संपली होती.

पुण्याला परतल्यावर आठवड्याभरात सावनेर गाठलं. नागपूरहून बसनं तास-सव्वा तास. रस्त्याच्या कडेला संत्र्याचे ढीग लागले तशी छातीत धडधड सुरू झाली. बाबा ओसरीत होते. तीच खुर्ची. मांडीवर साखरे महाराजांची सार्थ ज्ञानेश्वरी, चष्म्याला दोरी. उजवा हात चालत नाही म्हणून पान डाव्या हातानं उलटतात, आणि पान निसटू नये म्हणून त्यावर खलबत्त्यातला बत्ता ठेवतात. आईनं बत्ता परत मागितला की भांडण.

मी फोटो दाखवले. एकशे चाळीस तरी असतील. सगळे बघितले त्यांनी, घाई न करता. मग विचारलं,

"बसली होती का व कुठी?"

मी म्हटलं, "बसले होते बाबा. पण मन लागलं नाही."

"मंग ती जागा तुही नोती."

आणि त्यांनी मला पुढची ओवी दाखवली. खरं सांगते, मी ती शेकडो वेळा वाचली होती, पण झाडं-पाणी-मोर यांच्या नादात नेहमी घाईनं ओलांडली होती. माउली एवढा निसर्ग उभा करतात, ती जागा वाटसरूलाही थांबवते, विलासी माणसालाही राज्य सोडून इथेच राहावंसं वाटतं, असं सांगतात, एखादा मठ किंवा शिवालय असावं म्हणतात. आणि शेवटी निर्णय कशावर सोडतात? मन कुठे राहतं ते बघा. राहील तिथे आसन घाला. म्हणजे झाडं-पाणी मनाच्या सोयीसाठी आहेत. परीक्षा द्यायचीय ती मनानं, आणि उत्तरपत्रिका दुसऱ्या कोणाला तपासता येत नाही.

मी धीर करून विचारलं, "तुमचं राहतं? इथे, या खुर्चीवर?"

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. समोरून शाळेची पोरं गेली, एक ट्रॅक्टर गेला. मग म्हणाले, पहिले चार महिने नव्हतं राहत. रोज मनानं आदाशाची टेकडी चढायचे आणि उतरताना रडू यायचं. आईला कळू नये म्हणून पेपर तोंडापुढे धरायचे. मग कधीतरी पहाटे पाच ओव्या वाचता वाचता टेकडी आठवलीच नाही. दुसऱ्या दिवशी आठवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा नाही. "आता राहते थोडं थोडं. रोज नाई राहत," म्हणाले. "अन् तू आली नोती तवा तुयाकडे पळे ते. पुण्याले."

मी त्यांच्या पायाशी पायरीवर बसले. त्यांनी ओव्या वाचायला घेतल्या. जीभ थोडी जड झालीय, त्यामुळे ओवी संपायला वेळ लागतो. मधे एकदा बत्ता घरंगळला, मी तो उचलून परत पानावर ठेवला. आई आतून चहा घेऊन आली तेव्हा तासभर होऊन गेला होता. कोटीतीर्थावर अकरा मिनिटं टिकले होते.

परत पुण्याला आलेय. इथे खोलीत मन राहत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते. रोज पहाटे साडेपाचला बाबांना फोन लावते, ते पाच ओव्या वाचतात, मी ऐकते. त्यातला दीड-दोन ओव्यांपुरता वेळ राहतं म्हणायला हरकत नाही.

तुमची जागा कोणती, ते कमेंटमध्ये लिहायची गरज नाही. मठ निगूढ असावा, असंही माउलींनी म्हटलंय.

उद्या पुढचा भाग, आसन: खाली दर्भ, त्यावर धुतलेलं वस्त्र, त्यावर मृगाजिन. प्लास्टिकच्या खुर्चीबद्दल काही सापडतं का, हे बाबा आज रात्री बघून ठेवणार आहेत.

रामकृष्णहरी.