नाही म्हणण्याची सोय

१८९३ साली पुण्यात गाजलेला एक वाद उघड्या दारावरून झाला. शारदा सदनात पंडिता रमाबाई आपल्या खोलीत ख्रिस्ती प्रार्थना करत, दार लावून घेत नसत, आणि सदनातल्या काही विधवा मुली तिथे येऊन बसू लागल्या. सदन १८८९ मध्ये मुंबईत निघाले तेव्हा धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापले आचार खुशाल पाळावेत, असे ठरले होते. पैसा मात्र अमेरिकेतल्या ख्रिस्ती देणगीदारांचा होता. ‘केसरी’ने तोफ डागली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. आपण कुणाला बोलावत नाही, पण आपली प्रार्थना लपूनछपूनही करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती.

त्यांचा हेतू शुद्ध होता की नव्हता, यावर आपल्याकडे अजून भांडण चालते. मला तो शुद्ध वाटतो, पण त्याने प्रश्न सुटत नाही. प्रश्न त्या बसलेल्या मुलीचा आहे. सासरी अपशकुनी, माहेरी ओझे, आणि डोक्यावर छप्पर म्हणून हे एकच. जिच्या घरी दोन वेळा जेवायचे, तिच्या प्रार्थनेला न जाणे किती जणींना जमेल? काहींना जमले, हेही सांगितले पाहिजे. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ख्रिस्ती झाली नाही. त्याच १८९३ साली तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला.

आणि ते छप्पर एकच का होते? तोफ डागणाऱ्यांनी दुसरे बांधले नव्हते म्हणून. ते कर्व्यांनी १८९६ मध्ये बांधायला घेतले. पुण्यातल्या विधवेला निवड मिळाली ती तेव्हा. मिशनऱ्यांना दिलेले याहून चोख उत्तर मला आपल्या इतिहासात दिसत नाही, आणि त्यासाठी एकही सभा उधळावी लागली नाही.

धर्मप्रसाराची नीती मी इथून मोजतो: ऐकणाऱ्याला नाही म्हणता येते का, आणि म्हटल्यावर त्याचे ताट जागेवर राहते का? शब्द किती गोड होते हा मुद्दा नव्हेच. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि पाद्री यांचे जाहीर वाद रंगत. दोघेही एकमेकांच्या धर्माची सालटी काढत. पण वाळूवर बसलेला श्रोता कुणाचा मिंधा नव्हता. कंटाळला की उठून घरी जात होता. दुसऱ्याचा धर्म खोटा आहे असे तोंडावर सांगणे उद्धटपणाचे असेल, अनैतिक नाही. सगळे धर्म सारखेच, मग बदलायचा कशाला, हा शहाणपणा सहसा ज्याचे बरे चालले आहे तोच शिकवतो. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि १९५६ मध्ये नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. मधली एकवीस वर्षे निरनिराळ्या धर्मांचे लोक त्यांना आपल्याकडे ओढत होते. त्यांनी ऐकले, तपासले, नाकारले. प्रचाराचे स्वातंत्र्य आणि नकाराचे स्वातंत्र्य तिथे बरोबरीने नांदले.

रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमाबद्दल मात्र मी इतका उदार नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-बायका आणल्या, त्यांचे जीव वाचवले. ते ऋण मोठे आहे. तरीही भुकेने आलेल्या पोरीला भाकरीपाठोपाठ बाप्तिस्मा मिळतो, तेव्हा तिच्या होकाराला मी होकार म्हणत नाही. आश्रमशाळा, वसतिगृहे, दवाखाने चालवणाऱ्या प्रत्येक धर्माच्या, अगदी ‘घरवापसी’ करणाऱ्या, संस्थेलाही हेच लागू.

परतीची वाटही तपासावी. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री हा कोवळा मुलगा पाद्र्यांकडून कोर्टाने बापाच्या हवाली केला. त्याला पुन्हा जातीत घ्यायला विरोध कुणाचा? मुंबईच्या सनातन्यांचा. बाळशास्त्री जांभेकरांना त्याच्यासाठी स्वकीयांशी झुंजावे लागले.

घटनेच्या पंचविसाव्या कलमातील धर्मप्रचाराच्या हक्कावर घटना समितीतही हरकती आल्या होत्या. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आता उत्तर प्रदेशात धर्म बदलायचा तर साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. लगतच्या पूर्वधर्मात परतणे मात्र कायद्याच्या लेखी धर्मांतरच नाही. म्हणजे सज्ञान माणसाने आपल्या मनातली गोष्ट आधी सरकारी टेबलावर ठेवायची. गावात ती फुटली की तिथले बलदंड लोक त्याला नाही म्हणू देतील का, हो म्हणू देतील का, याची कुणाला फिकीर नाही.

आमिषाची चर्चा मात्र जोरात असते. मग हेही आमिषच: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला प्रामुख्याने हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये तो शिखांना मिळाला, बौद्धांना थेट १९९० मध्ये. ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेला दलित आजही त्याबाहेर आहे. अस्पृश्यता हा हिंदू समाजाचा दोष, त्या धर्मांत जात नाही, असा युक्तिवाद होतो. चर्चमधली वेगळी बाके आणि वेगळ्या दफनभूमी तो खोटा पाडतात. धर्म बदललास तर सवलत जाईल, असे सांगणारे सरकारही ऐकणाऱ्याच्या ताटाला हात घालते. आमिषाविरुद्ध कायदे करणाऱ्यांनी आधी ही अट काढून टाकावी.