रस्त्याचे ऋण

एखादा रस्ता प्रवाशाच्या स्मरणात कशाने राहतो? सौंदर्य हे आमच्या मते त्याचे अर्धेच उत्तर होय. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील समुद्राचा बाक व २०१८ साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या तेथील आर्ट डेको इमारती नेत्रांस तृप्त करितात. परंतु तेथे आपण प्रेक्षकच राहतो. पंढरपूरचा प्रदक्षिणामार्ग दिसावयास साधाच; तथापि आषाढीस तेथे अनोळखी वारकरी परस्परांच्या पाया पडतात, आणि वाशीम जिल्ह्यातील केनवडसारख्या दूरच्या गावचा मनुष्यही परका उरत नाही. सौंदर्याचे स्मरण हा आनंद आहे. आपुलकीचे स्मरण हे ऋण आहे. ते त्या रस्त्यावर पुन्हा जाऊन फिटत नाही. आपल्या दारावरून जाणाऱ्या परक्याशी आपण कसे वागतो, यानेच फिटते.