दोन स्टेशनांच्या मधली बातमी

रेडिओवर रोज तीन-तीन तास एकच माणूस बोलतोय. युद्ध, निवडणुका, चंद्रावरची स्वारी, आणि मधूनमधून पालुपदासारखं ‘बाकीचे पत्रकार कसे खोटारडे’. ऐकणारे फोन लावून त्याच्या होत हो मिळवतात, नाहीतर भांडतात. अमेरिकेत या प्रकारावर श्रोत्यांच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या गेल्या. आपल्याकडे असा रेडिओ झालाच नाही. बोलणाऱ्यांची वानवा होती असं नाही. यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीसारख्या गावात सकाळच्या चहाला हॉटेलात बसून बघा. पाकिस्तानपासून इस्रोपर्यंत एकही विषय सुटत नाही. पण रेडिओवर बोलायचा हक्क सरकारचा होता. बातमी वरून यायची आणि तिच्यावरचं भाष्य खाली पारावर व्हायचं.

ही वाटणी आपण इतकी सवयीची करून घेतली की ‘बातमी कललेली असते’ ही तक्रार टीव्ही चॅनेलांच्या जमान्यातच जन्मली असं अनेकांना वाटतं. ती ऐंशी वर्षं तरी जुनी आहे, आणि विदर्भाचा तिच्याशी थेट संबंध आहे.

१९४२ साली लंडनहून मराठीत युद्धाचं साप्ताहिक वार्तापत्र प्रसारित होत होतं. त्याचा मूळ इंग्रजी मजकूर लिहिणारा माणूस होता जॉर्ज ऑर्वेल. १९४१ ते १९४३ तो बीबीसीच्या पूर्वेकडच्या विभागात नोकरीला होता; त्याच्या वार्तापत्रांची मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ भाषांतरं वाचली जात. त्याच्या हाताखाली कोल्हापूरकडच्या वेणू चितळे काम करत, पुढे ‘इन ट्रान्झिट’ ही कादंबरी लिहिणाऱ्या. युद्धात इंग्रजांची बाजू हिंदी लोकांना पटवायची, आणि तीही गांधी-नेहरू तुरुंगात असताना, असं ते काम. ऑर्वेल कंटाळला. सप्टेंबर १९४३ च्या राजीनाम्यात त्याने सरळ लिहिलं की आपण स्वतःचा वेळ आणि जनतेचा पैसा निष्फळ कामावर घालवतो आहोत. ऐकणारं होतं तरी कोण? स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात सहा रेडिओ केंद्रं होती आणि त्यांचा आवाज जेमतेम ११ टक्के लोकांपर्यंत पोचत होता. विदर्भात तर एकही केंद्र नव्हतं. राजीनाम्यानंतर सहा वर्षांनी ऑर्वेलने ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये सत्याचं मंत्रालय उभं केलं. त्याच्या पायात एखादी वीट मराठी वार्तापत्राची असेल, असं मला उगाच वाटत राहतं.

१९४२ मध्येच मुंबईत दुसरा एक रेडिओ चालला. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, पोलिसांना चुकवत, जागा बदलत. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा काँग्रेस रेडिओ. चंद्रपूरकडचं चिमूर आणि वर्ध्याकडचं आष्टी इथे त्या ऑगस्टमध्ये जमाव उठला, अधिकारी-शिपाई मारले गेले, आणि मग गावकऱ्यांवर, बायकांवर जे अत्याचार झाले ते छापायची हिंमत सेन्सॉरच्या धाकाखालच्या वर्तमानपत्रांना नव्हती. या चोरट्या रेडिओने ते सांगितलं. निःपक्षपाती होता का तो? मुळीच नाही; उघडउघड प्रचार होता. लंडनचाही प्रचारच होता. फरक इतकाच की एकाने जे वगळलं ते दुसऱ्याने सांगितलं. पक्षपात जे सांगितलं जातं त्यात शोधायची आपली खोड आहे. तो बहुतेक वेळा जे सांगितलं जात नाही त्यात बसलेला असतो.

नागपूरला केंद्र आलं १६ जुलै १९४८ ला. पुढे पन्नाशीच्या दशकात दिल्लीबाहेरून प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या त्या आधी लखनौ आणि नागपूरहून. नागपूर त्या वेळी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. म्हणजे मराठीतली बातमी आपल्या भागातून, आपल्या भागासाठी सांगायची सुरुवात विदर्भाने लवकर पाहिली. पण सांगणारं तोंड सरकारचंच राहिलं. नोकरीत असलेला वृत्तसंपादक मंत्र्याच्या दौऱ्याची बातमी खाली ढकलेल, ही अपेक्षाच चुकीची.

स्टेशन बदलायची सवय श्रोत्यांना राजकारणामुळे लागली नाही, ती गाण्यांनी लावली. त्याचं श्रेय एका पुणेकराला द्यावं लागतं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. सिनेमाच्या गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडते हे त्यांचं ठाम मत, आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते काही अभिरुची सुधारायला थांबले नाहीत. त्यांनी रेडिओ सिलोन लावलं. शेवटी सरकारला ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. (दुसऱ्याच दिवशी रशियाने स्पुटनिक सोडला. अवकाशयुगाच्या एक दिवस आधी आपल्याकडे लता-रफींची सुटका झाली, असं म्हणायला हरकत नाही.) एकदा गाण्यासाठी काटा सरकला की तो बातम्यांसाठीही सरकतो, हे केसकरांच्या ध्यानात आलं नसावं.

मग ट्रान्झिस्टर आला. भोकं पाडलेल्या चामडी कव्हरातला, खांद्याला अडकवून वावरात नेता येणारा. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे आणि अजून चार-आठ दिवस ढकलायचे. मीडियम वेव्हवर नागपूर ठणठणीत लागायचं. शॉर्टवेव्हचं मात्र कसब होतं: ४९, ३१, २५ मीटर असे पट्टे, काटा केसभर हलला की स्टेशन निसटणार, खरखरीतून आवाज चढणार आणि ऐन वाक्याच्या मध्ये बुडणार. अंधार पडल्यावर लांबची स्टेशनं चांगली लागायची. त्यामुळे दिवसा आकाशवाणी आणि रात्री बीबीसी हिंदी, अशी बातमीची दिनचर्याच पडली. सकाळी ऐकलेलं रात्री ताडून बघायचं. पत्रकारितेच्या कोणत्याही वर्गात न गेलेल्या माणसाने स्वतःच लावलेली ही शिस्त होती.

युद्धांनी तिची परीक्षा घेतली. १९६५ च्या सप्टेंबरात लाहोर पडल्याची बातमी बीबीसीने दिली आणि ती खोटी निघाली. त्याच युद्धात बीबीसी पाकिस्तानच्या बाजूने बोलते अशी आपल्याकडची ओरडही मोठी होती. एकाच महिन्यात एकाच संस्थेवर दोन्ही दिशांनी शंका यावी अशी स्थिती. पुढे १९७० मध्ये लुई मालच्या भारतावरच्या चित्रपटमालिकेवरून सरकारने बीबीसीचं दिल्ली कार्यालय बंद करायला लावलं. तरीही १९७१ च्या डिसेंबरात, माणेकशॉ रेडिओवरून पाकिस्तानी सैन्याला शरणागतीचं आवाहन करत होते तेव्हा, लोक दोन्हीकडे कान लावून होते. महागावच्या शेजारच्या पुसद तालुक्यातले वसंतराव नाईक या दोन्ही युद्धांच्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते. सत्तेशी जवळीक असलेला हा टापू. तरी सरकारी बातमीवर डोळे मिटून विश्वास ठेवणं हा देशभक्तीचा पुरावा मानायची पद्धत तेव्हा आजच्याइतकी बोकाळलेली नव्हती.

अवकाशाची गोष्ट वेगळी असेल असं वाटतं. चंद्र काही कुणाच्या पक्षाचा नाही. पण जुलै १९६९ चा तो आठवडा बघा. १९ तारखेच्या रात्री इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. २१ च्या सकाळी, भारतीय वेळेनुसार साडेआठच्या सुमाराला, आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाय ठेवला. महाराष्ट्रात टीव्ही यायला अजून तीन वर्षं होती. हे सगळं कानांनीच कळलं. कापसाच्या पेरणीनंतरच्या, सावकाराच्या दारात उभं राहायच्या दिवसांत यातली मोठी बातमी कोणती? अमेरिकेच्या व्हॉइस ऑफ अमेरिकाला विचाराल तर चंद्र, दिल्लीला विचाराल तर बँक. दोन्ही बातम्या शंभर टक्के खऱ्या. कल असतो तो क्रमात.

अवकाश आणि सत्ता यांची गाठ १९७५ मध्ये पक्की बसली. १९ एप्रिलला आर्यभट्ट गेला. २६ जूनच्या सकाळी रेडिओवर पंतप्रधानांचा आवाज आला आणि आणीबाणी लागल्याचं देशाला कळलं. १ ऑगस्टला ‘साइट’ सुरू झाला: नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत थेट टीव्ही. महाराष्ट्र त्यात नव्हता. शेती, आरोग्य, शिक्षण असेच कार्यक्रम बहुतेक. हेतू चांगला होता, विक्रम साराभाईंनी पाहिलेलं ते स्वप्न होतं. पण ते उतरलं अशा वर्षी की उपग्रहातून येणाऱ्या आवाजाला उलट विचारायची सोय जमिनीवर कुठेच उरली नव्हती. दुर्गाबाई भागवतांनी त्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध तोंड उघडलं. ते कळायला पुन्हा कर्णोपकर्णी हाच मार्ग.

खरं तर उपाय कागदावर आधीच होता. चंदा समितीने १९६६ मध्येच आकाशवाणी सरकारपासून मोकळी करा असं सुचवलं होतं. आणीबाणीनंतर वर्गीस समितीने १९७८ मध्ये तेच अधिक जोरात सांगितलं. प्रसार भारतीचा कायदा झाला १९९० मध्ये आणि अमलात आला १९९७ मध्ये. मध्यंतरी ३१ ऑक्टोबर १९८४ येऊन गेला. इंदिरा गांधींना गोळ्या लागल्या सकाळी सव्वानऊच्या पुढे. बीबीसीने बातमी दिवसाच दिली, खुद्द राजीव गांधींनी बंगालमध्ये ती ट्रान्झिस्टरवर ऐकली, आणि आकाशवाणीने मृत्यू जाहीर केला संध्याकाळी सहाला. पंतप्रधानांच्या मुलालाही सरकारी रेडिओची वाट पाहता आली नाही, यापुढे स्वायत्ततेच्या बाजूने आणखी कसला युक्तिवाद हवा होता?

स्वायत्ततेच्या या विचाराला कायद्याचं रूप दिलं ते एका मराठी न्यायमूर्तींनी. ९ फेब्रुवारी १९९५ ला क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून आलेल्या खटल्यात पी. बी. सावंत यांनी लिहिलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. माझ्या मते भारतीय रेडिओच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं वाक्य, आणि सगळ्यात कमी पाळलेलं. खासगी एफएम आलं, पण बातम्यांची मनाई घेऊनच. हवामान सांगा, परीक्षेचे निकाल सांगा, वाहतूक कुठे तुंबली ते सांगा, राजकारण नको. २०१९ पासून आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी, काना-मात्रा न बदलता वाजवायची तेवढी मुभा. कम्युनिटी रेडिओचंही तेच.

अमेरिकेने उलटा रस्ता धरला होता. तिथे १९४९ पासून वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडण्याचं बंधन रेडिओवर होतं. १९८७ मध्ये ते उठलं आणि वर्षभरात रश लिंबॉचा एकतर्फी, तासन्‌तास चालणारा कार्यक्रम देशभर पोचला. म्हणजे सरकारने तोंड दाबलं तर एक विकार आणि पूर्ण सोडलं तर दुसरा. आपल्याकडे लिंबॉ झाला नाही याचं मला फारसं दुःख नाही. पण तो न होण्यासाठी आपण जी किंमत दिली ती वाया गेली, कारण तो वेगळ्या दाराने आलाच. टीव्हीवर.

टीव्ही बातमी कशी निवडतो, हे फुलसावंगीने जवळून पाहिलं. गावातला एक वेल्डिंगचं काम करणारा तरुण, शिक्षण बेताचं, व्हिडिओ बघून बघून स्वतः हेलिकॉप्टर बनवत होता. त्याचा खटाटोप गावाला कितीतरी आधीपासून दिसत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये रात्रीच्या चाचणीत पातं तुटलं आणि त्यात तो गेला. दुसऱ्या दिवशी देशभरच्या चॅनेलांवर फुलसावंगी, आणि त्याला दिलेलं नाव ‘रँचो’. यात खोटं काहीच नव्हतं. पण त्याच्या कामात बातमी नव्हती, त्याच्या मरणात होती. आणि तीही एका हिंदी सिनेमाच्या साच्यात बसली म्हणून. चिमूरच्या वेळी सेन्सॉरने बातमी दाबली होती. इथे कुणीच काही दाबलं नाही, कॅमेऱ्याला फक्त उशिरा भूक लागली.

मग मे २०२५. ८ तारखेच्या रात्री अनेक चॅनेलांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगून टाकलं. सायरन, नकाशे, लाल अक्षरं. सकाळपर्यंत त्यातलं काहीच उरलं नाही. लाहोर पडल्याच्या बातमीसारखंच हे, साठ वर्षांनी. फरक ऐकणाऱ्याच्या हातात आहे. लाहोरची बातमी ताडायला दुसरं स्टेशन होतं, वेगळ्या देशाचं, वेगळ्या हिताचं. आज बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह जानेवारी २०२० अखेर बंद झालेलं, आणि फोनवर कराचीचा एक व्हिडिओ पाहिला की तो फोन तसलेच आणखी चार पुढे करतो. चॅनेल शेकडो, काटा एकाच जागी अडकलेला.

यात सरकारची भूमिका मला आजवर कळलेली नाही. ज्या यंत्रणेने त्या रात्री टीव्हीला कराची बुडवू दिली, तीच यंत्रणा खासगी एफएमवरच्या एखाद्या निवेदकाला महागाव तालुक्यातल्या ग्रामपंचायतीचा निकाल स्वतःच्या शब्दांत सांगू देत नाही. ही मनाई घटनेत बसते का, असा अर्ज २०१३ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला आहे. सरकारचं उत्तर सुरक्षेचं होतं.