‘आपला’ आणि ‘आमचा’

धर्मग्रंथाचा अर्थ श्रद्धेने ठरतो, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः श्रद्धेच्याही आधी व्याकरणाने काही गोष्टी ठरवून ठेवलेल्या असतात, तर काही मुद्दामच ठरवल्याविना सोडल्यासारख्या दिसतात. क्रियापद कोठे येते, ते एकवचनी की अनेकवचनी, ‘एक’ हे विशेषण कोणत्या नामाला लावायचे, अशा वरकरणी रुक्ष प्रश्नांवरून धर्मसमाजांमध्ये दीर्घकाळ वाद झाले आहेत. हिब्रू शास्त्राच्या वाचनात हे विशेषत्वाने जाणवते. मूळ वाक्याने जे मोकळे ठेवले, ते बंद करण्याचा अधिकार भाष्यकाराला किंवा अनुवादकाला आहे काय, असा नैतिक प्रश्न तेथूनच उभा राहतो.

मराठीला हा प्रश्न परका नाही. कोकणातील बेने इस्राएल समाज कित्येक पिढ्या मराठी बोलत आला. हिब्रू भाषा विसरली गेली तरी ‘शमा’ ही एकेश्वरनिष्ठेची घोषणा स्मरणात राहिली, असे त्यांची परंपरा सांगते. १८३२ साली मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. परंतु त्या विद्येचा उपयोग या समाजाने मुख्यतः स्वतःच्या प्रार्थना समजून घेण्यासाठी केला. पुढे जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. व्याकरण कोणाच्याही बाजूने साक्ष देण्यास बांधलेले नसते, हेच यातून दिसते.

‘उत्पत्ती’च्या आरंभी देवासाठी आलेला ‘एलोहीम’ हा शब्द रूपाने अनेकवचनी आहे. त्याचे क्रियापद मात्र एकवचनी असून ते कर्त्याच्या आधी येते. अनेकवचनी रूपात काही ख्रिस्ती भाष्यकारांना त्रैक्याची सूचना दिसली. यहुदी भाष्यकारांनी एकवचनी क्रियापदाकडे बोट दाखवले. मराठीत ही कोंडी उरतच नाही. ‘आईने भाकरी केली’ आणि ‘मुलांनी भाकरी केली’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद भाकरीच्या मागे जाते, कर्त्याच्या नव्हे. ज्या विसंगतीवर एवढे भाष्य झाले, ती आपल्या प्रयोगपद्धतीत निमूटपणे विरून जाते. अनुवादकाने काही लपवलेले नसते. त्याच्या भाषेनेच ते गाळलेले असते.

‘शमा’ची स्थिती याहून वेगळी आहे. इस्राएलाला उद्देशून केलेल्या हाकेनंतर त्यात चारच शब्द येतात: ईश्वराचे नाम, ‘आपला देव’ या अर्थाचे ‘एलोहेनू’, पुन्हा तेच नाम, आणि ‘एक’. क्रियापद नाही. परमेश्वर हाच देव आहे, दुसरा नव्हे, असे हे विधान आहे. की तो स्वरूपतः एक, अविभाज्य आहे, असे? इंग्रजीला ‘आहे’ कोठेतरी घालावेच लागते आणि ते जेथे पडेल तेथे अर्थ झुकतो. मराठीत ‘हा माझा भाऊ’ हे क्रियापदावाचूनही पूर्ण वाक्य आहे. त्यामुळे मूळचा मोकळेपणा राखणे येथे मराठीला अधिक सुकर आहे.

परंतु त्याच चरणात मराठीची खरी परीक्षा होते. ‘एलोहेनू’तील प्रत्यय ‘आपला’ आणि ‘आमचा’ हा भेद जाणत नाही. मोशे फारोपुढे उभा राहून ‘आमचा देव’ म्हणतो, तेव्हा फारो त्यात नसतो. तोच मोशे इस्राएलांना उद्देशून ‘आपला देव’ म्हणतो, तेव्हा श्रोते त्यात असतात. हिब्रूत शब्द एकच. मराठीत मात्र अनुवादकाला प्रत्येक वेळी उंबरठ्याच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरवावेच लागते.

बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्यालय आणि १९१० साली स्थापन झालेले युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज ज्या बंगळुरूत आहे, तेथील बहुभाषिक व्यवहारात हा पेच चांगला दिसतो. तमिळ भाषकाला ‘नाम’ आणि ‘नांगळ’ यांतून, तेलुगू भाषकाला ‘मनमु’ आणि ‘मेमु’ यांतून निवड करावी लागते. आजच्या कन्नडात मात्र ‘नावु’ हा एकच शब्द आहे. हिब्रूप्रमाणे तोही ऐकणाऱ्याला आत घेतले की नाही, हे प्रसंगावर सोडतो. म्हणजे एकच वचन एकाच शहरात कन्नड वाचकापर्यंत मोकळे पोहोचते आणि मराठी वाचकापर्यंत निर्णय होऊन.

आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. संस्कृत व्याकरणाच्या शिस्तीत वाढलेल्या या विदुषीने मूळ भाषांपर्यंत जाण्याचे कष्ट घेतले, ही केवळ पांडित्याची हौस नव्हती. दुसऱ्याने केलेल्या निवडीवर स्वतःची श्रद्धा उभारू नये, असा त्यात एक नैतिक आग्रह दिसतो.

सर्वांना हे शक्य नाही, आणि निवड टाळणेही अनुवादकाच्या हाती नाही. तेव्हा अधिकाराचा प्रश्न अखेर जबाबदारीचा ठरतो. अनुवादकाने निवड करावी, पण ती निवड आहे हे झाकू नये. वाचकानेही, मूळ वाक्याने जेथे निकाल दिलेला नाही, तेथे भाषांतराच्या बळावर दुसऱ्याला पाखंडी ठरवू नये. ‘शमा’ म्हणताना डोळ्यांवर हात ठेवणारा यहुदी, तेच वचन उपासनेत ऐकणारा मराठी ख्रिस्ती आणि ते केवळ वाङ्मय म्हणून वाचणारा तिसरा, या तिघांना ‘आपला’ या शब्दात सारखीच जागा आहे काय, याचे उत्तर व्याकरण देत नाही. ते ज्याचे त्याने द्यावयाचे असते, आणि त्याचे उत्तरदायित्वही त्याचेच असते.