पडद्यावर काय उरतं?

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ८, श्लोक ६ आणि ७

सहाव्या श्लोकात भगवान सांगतात की शेवटच्या क्षणी माणूस ज्या भावाची आठवण करत देह सोडतो, त्यालाच जाऊन मिळतो, कारण तो आयुष्यभर त्याच भावात मुरलेला असतो. आपण सगळे त्या शेवटच्या क्षणावर अडकतो. मला मात्र ते ‘मुरणं’ जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि ते समजावून सांगायला जुन्या ट्यूबच्या टीव्हीइतकं चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. हसू नका, वाचा पुढे.

तुमच्यातल्या काहींनी हल्ली जुने व्हिडिओ गेम खेळायला असे टीव्ही मिळवलेत. कुणी भंगारवाल्याकडून, कुणी काकांच्या माळ्यावरून. तो हाती आला की पहिली काळजी असते बर्न-इनची, म्हणजे एकच चित्र फार वेळ राहिल्याने काचेवर पडणाऱ्या कायमच्या डागाची.

हा डाग पडतो कसा? पडद्याच्या काचेला आतून फॉस्फरचा लेप असतो. मागून इलेक्ट्रॉनचा झोत येऊन आदळतो आणि तो ठिपका उजळतो. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, प्रत्येक चित्र ६२५ ओळींचं. म्हणजे एकच ठिपका सेकंदाला २५ वेळा मार खातो. प्रत्येक फटक्याने तो जरासा झिजतो, पुढच्या वेळी तेवढाच मार खाऊन किंचित कमी उजळतो. चित्र हलतं असेल तर ही झीज सगळ्या पडद्यावर सारखी वाटली जाते आणि कळतही नाही. पण एखादी उजळ रेघ तासन् तास, महिनोन् महिने एकाच जागी राहिली, तर तिथला फॉस्फर आजूबाजूच्यापेक्षा जास्त थकतो. मग चित्र बदललं तरी तिची सावली मागे उरते.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९८० साली जपानमध्ये आलेला पॅक-मॅन. त्या खेळात भुलभुलैया एकच, शेवटपर्यंत बदलत नाही. गेमिंगच्या दुकानांत ही यंत्रं दिवसभर चालू असायची. कित्येक यंत्रांच्या काचेवर तो भुलभुलैया असा उमटला की वीज बंद केल्यावरही दिसायचा. त्याच पेटीत नंतर दुसरा खेळ बसवला, तर नव्या खेळाच्या मागे जुन्या भिंती दिसत राहायच्या. नोकरी बदलली, शहर बदललं, नातं बदललं, तरी मागे कुठल्या भिंती दिसतात, हा प्रश्न मला इथे हटकून पडतो.

आता नीट बघा, फॉस्फरला चित्रातला अर्थ कळत नाही. वाहिनीचं कोपऱ्यातलं बोधचिन्ह, क्रिकेटच्या स्कोअरची पट्टी, दिवसभर लावून ठेवलेला गणपतीचा फोटो, त्याच्या दृष्टीने सगळं सारखंच. तो मोजतो दोनच गोष्टी : किती प्रखर आणि किती वेळ. गणपतीचा डाग पडला म्हणून टीव्ही पवित्र होत नाही. तो बिघडलेलाच टीव्ही असतो.

इथे मला खरी अडचण दिसते. आपले संत आणि शास्त्रं सतत स्मरण करायला सांगतात. एकच नाम, एकच रूप, अखंड. मग हे बर्न-इन नाही का? रोज ठरावीक वेळी माळ ओढणारा आणि त्या वेळी कोणी मध्ये बोललं की घरभर खेकसणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या मनावर नाम उमटलंय हे खरं. पण त्यातून दुसरं काही दिसायचंच बंद झालंय. समोर बायको थकून उभी आहे, हेही दिसत नाही. याला भक्ती म्हणायचं का? मला नाही म्हणवत.

उत्तराचा धागा सातव्या श्लोकात आहे. भगवान अर्जुनाला सर्व काळ स्मरण कर असं सांगतात आणि त्याच दमात युद्धही कर म्हणतात. डोळे मिटून बस असं सांगत नाहीत. समोर रथ, बाण, माणसं, क्षणाक्षणाला बदलणारा देखावा, आणि त्या सगळ्यातून स्मरण. म्हणजे स्मरण हे पडद्यावर थिजलेलं चित्र नव्हेच. मला ते त्या झोतासारखं वाटतं, जो प्रत्येक चित्रात असतो आणि एका जागी कधी थांबत नाही. टीकाकार याचा अर्थ वेगवेगळा लावतील, लावू देत.

पण थिजलेली चित्रं आपल्याकडे असतात, आणि बहुतेक वेळा ती देवाची नसतात. कुणीतरी चारचौघांत केलेला अपमान. एखादा फोटो, जो रात्री अकरा वाजता पुन्हा उघडून बघितला जातो. त्यासाठी टीव्हीवाल्यांचे उपाय जसेच्या तसे घ्यावेत असं माझं मत आहे.

पहिला उपाय म्हणजे कॉन्ट्रास्ट आणि ब्राइटनेस कमी करणं. दुकानात टीव्ही उठून दिसावा म्हणून तो पूर्ण प्रखर करून ठेवतात आणि लोक घरी आणून तसाच वापरतात. झोत जितका जोरात, तितकी झीज लवकर. जुन्या प्रोजेक्शन टीव्हीत लहानशा ट्यूबना फार जोर लावावा लागायचा, म्हणून त्यांच्यावर डाग कितीतरी लवकर पडायचे. आपणही एखादी गोष्ट कुणाला सांगताना दरवेळी थोडी आणखी प्रखर करून सांगतो, नाही का?

दुसरा, खेळ पॉज करून जेवायला जाऊ नका. जायचंच असेल तर टीव्ही बंद करा. ही युक्ती संगणकातही आली. १९८३ च्या डिसेंबरमध्ये जॉन सोचा यांनी सॉफ्टटॉक मासिकात एक छोटा प्रोग्राम दिला : तीन मिनिटं कुणी कळ दाबली नाही की पडदा काळा. एवढंच. स्क्रीनसेव्हर हे नाव आलं ते पडदा वाचवण्यावरून. पुढे १९८९ मध्ये आफ्टर डार्क आलं, त्याच्यातले उडणारे टोस्टर गाजले, आणि लोक स्क्रीनसेव्हरच बघत बसायला लागले! विश्रांतीचीही करमणूक झाली. (भक्तीच्या रील्स एकामागून एक सरकवताना हे आठवून बघा.)

आणि डाग पडलाच तर? आधी तो कसला आहे ते ओळखावं, कारण सगळे डाग बर्न-इन नसतात. टीव्हीशेजारी स्पीकर ठेवला की त्याच्या चुंबकाने आतला धातूचा पातळ पत्रा चुंबकीय होतो आणि कोपऱ्यात हिरवा-जांभळा धब्बा दिसतो. तो जातो. टीव्ही चालू करताना ‘धम्म’ असा जो आवाज येतो, तो हे चुंबकत्व काढणाऱ्या वेटोळ्याचा. गंमत म्हणजे टीव्ही गरम असताना ते नीट चालत नाही. स्पीकर हलवून टीव्ही अर्धा तास थंड होऊ द्यावा लागतो. आपले कित्येक राग मला या जातीचे वाटतात : कुणाच्या तरी शेजारी बसून आलेले, रंग भडक, पण जाणारे.

खरा बर्न-इन मात्र जात नाही. काही जण पूर्ण पांढरा पडदा दिवसचे दिवस चालू ठेवतात. त्याने डाग पुसट वाटतो, पण का? उरलेला चांगला फॉस्फरही तेवढाच झिजतो म्हणून. एक जखम दिसू नये म्हणून सगळं आयुष्यच फिकं करून घेणारी माणसं असतात, त्यांच्याबद्दल मला राग नाही, वाईट वाटतं. त्यापेक्षा डाग असलेला टीव्ही तसाच वापरावा. हलत्या चित्रात तो फारसा जाणवतही नाही.

(मागचं झाकण मात्र कुणी उघडू नका. बंद टीव्हीच्या ट्यूबमध्येही हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.)

जुना टीव्ही घेण्याआधी जाणकार त्याच्यावर कुठलाही कोरा, फिकट पडदा लावून बघतात. भडक चित्रात डाग लपतो, कोऱ्यावर लगेच दिसतो. आज झोपण्याआधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दहा मिनिटं नुसते बसा. जप नको, संगीत नको. कुठल्या रेघा वर येतात ते फक्त बघा, पुसायला जाऊ नका. उद्या आठवा श्लोक.