गिऱ्हाइकाचे स्वातंत्र्य आणि विटाळ

धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकानात किंवा उपाहारगृहात मज्जाव करता येणार नाही, असे भारतीय संविधानाचे कलम १५(२) सांगते; परंतु हे संरक्षण आत येऊ पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला मिळते, गल्ल्यावर बसलेल्या माणसाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. संघटित बहिष्कार, म्हणजे एखाद्याशी सर्व व्यवहार तोडण्याचा गावाने किंवा पंचांनी घेतलेला निर्णय, कायद्याने दंडनीय आहे. मात्र मालकाचे आडनाव ऐकून पायरीवरूनच मागे वळणारा एकटा माणूस कोणत्या कलमात बसवायचा, हा प्रश्न उरतोच, कारण काय विकत घ्यावे आणि कोणाकडून घ्यावे ही बाब समाजाने ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडलेली आहे, आणि विटाळाची भावना याच आवडीच्या आडोशाला टिकून राहिली आहे.

या भावनेचे समर्थन सहसा शुचितेच्या, म्हणजे अन्नपाण्याच्या सोवळेपणाच्या, आधारे केले जाते. चपला, लोखंड किंवा भंगार यांच्या व्यवहारात न आठवणारी जात दूध, पाणी आणि शिजवलेले अन्न यांच्यापाशी येताच आठवते, हे खरेच आहे. तरीही एवढ्याने उलगडा होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी परदेशातील शिक्षणानंतर मुंबईत गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता आणि ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील आहेत हे कळल्यावर अशिलांनी पाठ फिरवल्याने तो बंद पडला. सल्ल्याला ना पाणी लागते ना चूल. तेव्हा गिऱ्हाइकांना खुपला तो विटाळ नसून, ज्याला खाली मानले त्याच्या अकलेला मोल देण्याची वेळ यावी, हा प्रसंगच खुपला, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

या संदर्भात कोल्हापूरचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. राजवाड्याच्या पागेत चाकरी करणारे गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, शिवाय कांबळे यांना स्वतंत्र धंदा काढण्यासाठी पाठबळ दिले, आणि त्यातून भर रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हे चहाचे हॉटेल उभे राहिले. चूल पेटली, कपबशा मांडल्या गेल्या, पण गिऱ्हाईक फिरकेना. सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे हुकूम काढणाऱ्या राजाने इथे हुकुमावर भिस्त ठेवली नाही. दारापाशी गाडी थांबवून त्यांनी कांबळे यांच्या हातचा चहा स्वतः घेतला आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही घ्यायला लावला. भांडवल देणारा हात दात्याचा असतो आणि तो वरच राहतो. भरलेला कप घेण्यासाठी मात्र हात पुढे करावा लागतो. शाहू महाराजांच्या कृतीचे नैतिक वजन या दुसऱ्या हातात आहे, पहिल्यात तितके नाही.

आजच्या धोरणांत पहिल्या हाताची तजवीज बरीच झालेली दिसते. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे ‘डिक्की’, ही दलित उद्योजकांची संघटना स्थापन केली. केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणाने सरकारी खात्यांच्या व उपक्रमांच्या वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून व्हावी असे लक्ष्य ठरवले, तर २०१६ च्या ‘स्टँड-अप इंडिया’ योजनेने १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाची सोय केली. माल पाहून घ्यावा, मालक पाहू नये, असा आक्षेप या लक्ष्यावर नेहमी घेतला जातो. तत्त्व म्हणून तो निर्दोष आहे, आणि दलित उद्योजकाचेही मागणे तेवढेच आहे. पण आक्षेप घेणाऱ्यांनी दूध, खानावळ आणि भाड्याचे घर यांच्या बाबतीत तो स्वतःला कधी लावून पाहिला, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे.

बँकेच्या अर्जावर आणि निविदेच्या कागदावर जातीचा दाखला जोडणारे अनेक दुकानदार रस्त्याकडे तोंड असलेल्या पाटीवर आडनाव घालत नाहीत. तिथे मुलीचे नाव असते, एखाद्या देवतेचे असते, किंवा नुसते ‘न्यू’ लावून गावाचे असते. पाटी रंगवणाऱ्याला त्याचे कारण सांगावे लागत नाही.